ओहोटीतले जोते

१

दरवर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी ओहोटीच्या वाटेचा नकाशा नव्याने काढते. समुद्र अडवणाऱ्या आमच्या बांधापासून समोरच्या बेटापर्यंत नऊ किलोमीटर अंतर आहे. ओहोटीला हा सगळा तळ उघडा पडतो आणि त्या चिखलवाळूवरून, पाणी परतण्यापूर्वी, माणसे चालत बेटावर जातात. त्यांना माझा धाकटा भाऊ मेल्फ नेतो. तळात जागोजागी ओहोळ आहेत. हिवाळ्यातील वादळे त्यांचे पाट बदलून टाकतात आणि गेल्या वर्षी जिथे घोट्याएवढे पाणी होते तिथे यंदा छातीएवढे असू शकते. म्हणून नकाशा दरवर्षी नवा लागतो, आणि तो अचूक लागतो. छत्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवून मी निवृत्त झाले, तेव्हा हे काम माझ्याकडे आले. आजवर त्यात चूक निघालेली नव्हती.

विमानातून लेझरने मोजलेल्या उंचीची फाइल येते, ती मी संगणकावर उघडते आणि सखल भाग टाळून वाट आखते. माझा संगणक लिनक्सवर चालतो आणि त्यावरील सर्व प्रोग्रॅम तयार पॅकेजांच्या रूपाने आलेले आहेत. यंदा मात्र फाइलची मांडणी नवी होती. पॅकेजबरोबर आलेल्या लायब्ररीला, म्हणजे नकाशाच्या प्रोग्रॅममागे बसून प्रत्यक्ष मोजमाप करणाऱ्या भागाला, ती वाचता येईना. तेव्हा टाडे नावाच्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याने त्या लायब्ररीची नवी आवृत्ती मूळ सोर्स कोडवरून माझ्याच यंत्रावर कम्पाइल करून, म्हणजे घरच्या घरी बांधून दिली. जुनी होती तिथेच राहिली. मेन्यूतील चित्रावर टिचकी मारली की प्रोग्रॅम जुन्या लायब्ररीसह उघडे. काळ्या चौकटीत कमांड टाइप केली की नवीसह. दिसायला दोन्ही वेळा तोच प्रोग्रॅम.

मंगळवारी सकाळी मी कमांड टाइप करून नवी फाइल उघडली. सहाव्या किलोमीटरपाशी, वाटेच्या पूर्वेला शंभर मीटरवर, एक चौकोन होता. बाजू चाळीस मीटर, उंची चार मीटर वीस सेंटिमीटर, भोवती उथळ चर.

त्या भागात गुडघ्यापेक्षा उंच काही नाही. कधीही नव्हते, असे म्हणण्याइतके जुने नकाशे माझ्या कपाटात आहेत. चौकोनाचा आकार मात्र ओळखीचा होता. बेटावरील घरे अशाच मातीच्या जोत्यांवर उभी असतात. वादळात बेट बुडते तेव्हा जोती तेवढी पाण्याबाहेर राहतात.

मी फाइलचे रूपांतर जुन्या मांडणीत केले आणि ती मेन्यूतून उघडली. तळ सपाट होता.

२

टाडे शनिवारी आला. त्याने चाळिशी ओलांडली आहे आणि त्याला टक्कल पडले आहे, तरी माझ्यासमोर खुर्चीत बसताना तो अजून पाठ ताठ करतो.

“भूगोलात तुम्ही मला काठावर पास केलं होतं, बाई. आता नकाशा बघायला मलाच बोलावता.”

“पास केलं, हे तरी लक्षात आहे. बैस आणि बघ.”

तो बराच वेळ पाहत राहिला. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाला, “ह्याचीच मला भीती होती. असं बघा. पॅकेज म्हणजे दुकानातला कोट. कापड, अस्तर, बटणं, सगळं एकाच शिंप्याचं. मी त्यात घरी शिवलेलं अस्तर घुसवलंय. मेन्यूतून उघडलात की त्याचं त्याचं अस्तर. काळ्या चौकटीतून उघडलात की आधी माझं हाताला लागतं, म्हणून ते. अर्धं दुकानातलं, अर्धं घरचं.”

“मग दुकानातलं काढून टाक.”

त्याने एक कमांड लिहिली; संगणकाने मागितलेला होकार मात्र दिला नाही. पडद्यावर नावांची लांबलचक यादी आली. “जुनी लायब्ररी काढली तर हे त्रेचाळीस प्रोग्रॅम तिच्याबरोबर जातील. खुद्द नकाशाचा प्रोग्रॅमसुद्धा. सगळे तिच्या जिवावर उभे आहेत.”

“म्हणजे दोन्ही ठेवायच्या.”

“दोन्ही एकत्र ठेवू नयेत, हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी सांगतात. आणि सगळेच ठेवतात.”

“मग तो प्रोग्रॅम बंद का पडत नाही?”

“बंद पडला असता तर बरं झालं असतं, बाई. तो बंद पडत नाही. उत्तर देतो.”

मी म्हणाले, “चुकीचं उत्तर विस्कटलेलं असतं. त्याला कोपरे नसतात, भोवती चर नसतो.”

“असतात कधी कधी. दोन्ही लायब्रऱ्यांची मोजायची रीत वेगळी आहे. बेटावरचंच एखादं जोतं उचलून तिकडे ठेवलं असेल.”

हे स्पष्टीकरण चांगले होते. तो गेल्यावर मी बेटावरील सहाही जोती मोजली. एकाचीही बाजू चाळीस मीटर भरली नाही. तरीही छपाईच्या प्रतीतून मी तो चौकोन खोडला. वाट तशीच ठेवली, खाली तारीख घातली आणि सही केली. जे असू शकत नाही ते नकाशावर छापणे हा माझ्या मते प्रमाद होता.

३

मेच्या पहिल्या रविवारी मेल्फ बारा पाहुण्यांना घेऊन निघाला. बेटाच्या अलीकडे शेवटचा मोठा ओहोळ लागतो. भरतीचे पाणी प्रथम त्यातच शिरते. ठरल्या वेळी निघाले आणि ठरल्या गतीने चालले, तर तो ओलांडताना पंचवीस मिनिटे हाताशी राहतात. ती संपली की ओहोळ छातीवर जातो, आणि आणखी दहा मिनिटांनी तिथे होडी लागते.

बेटावर अतिथिगृह चालवणारी केइके ही माझी शाळेतील मैत्रीण. माणसे पोचली की ती फोन करते. त्या दिवशी तिचा फोन अकरा मिनिटे उशिरा आला.

दुसऱ्या दिवशी मेल्फ बोटीने परतला. बांधामागच्या घरात आम्ही दोघेच राहतो. मी चहात त्याच्यासाठी खडीसाखर टाकली आणि विचारले, “अकरा मिनिटं कुठे गेली?”

“शाळा सुटली, ताई, तरी तू घंटा वाजवायची सोडत नाहीस.”

“कुठे थांबला होतास?”

“कुठे नाही. एका बाईंचा बूट चिखलात राहिला, तो काढून दिला. दोन मिनिटं. बाकी नाकासमोर चाललो.”

“मग उरलेली नऊ?”

“एकसष्ट वर्षांचे पाय आहेत. त्यांना विचार.”

मेल्फच्या गळ्यात जीपीएस यंत्र असते आणि ते दर दहा सेकंदांनी एक ठिपका नोंदवते. मी ती नोंद मेन्यूतून उघडली. ठिपके बांधापासून बेटापर्यंत सरळ आणि समान अंतरावर गेले होते, कुठेही दाटी नव्हती. मग मी कमांड टाइप केली. सहाव्या किलोमीटरपाशी ठिपके पूर्वेला वळले, चौकोनाच्या उत्तर कडेशी गेले आणि तिथे एकावर एक साचले. मी ते मोजले. चोपन्न होते. चोपन्न ठिपक्यांची नऊ मिनिटे होतात.

एकाच नोंदीची वेळ दोन प्रोग्रॅमांत निराळी दिसणे शक्य नाही, हे मला कळत होते. म्हणून मी पहिल्या नकाशातील ठिपकेही मोजले. ते चोपन्नने कमी होते. नोंदीची फाइल एकच होती.

“काय निघालं?” मेल्फने दारातून विचारले.

“प्रोग्रॅम बिघडलाय,” मी म्हणाले.

४

दुसऱ्या फेरीत चौदा मिनिटे उशीर झाला. तिसऱ्या फेरीपूर्वी मी वाट तीनशे मीटर पश्चिमेला सरकवली. मेल्फने कारण विचारले तेव्हा सांगितले की जुन्या वाटेवर चिखल वाढला आहे. धाकट्या भावाशी मी सहसा खोटे बोलत नाही. तो नव्या वाटेने गेला. बेटावर पोचायला त्याला एकोणीस मिनिटे उशीर झाला.

या वेळी केइकेने फोन लगेच ठेवला नाही.

“गेस्के, तुझा भाऊ त्या लोकांना तिथे काय दाखवतो गं?”

“कुठे?”

“मधेच. आमच्या गच्चीवरून दुर्बिणीत दिसतं. म्हटलं सील आला असेल, नाहीतर पक्ष्यांचा थवा. पण सगळे एका ओळीत उभे असतात. हलत नाहीत. आज त्यांच्यात एक लहानगी मुलगी होती, तीसुद्धा नाही. एवढा वेळ मूल स्थिर उभं राहतं का कधी?”

“खाली बघत असतील. शिंपले असतात तिथे.”

“खाली नाही. वर बघत होते. फार वर नाही. घराचं छप्पर असतं ना, तेवढ्या उंचीवर.”

“तू त्यांना विचारलंस का?”

“विचारलं. सूप वाढताना विचारलं. म्हणे आम्ही थांबलोच नाही. बाराच्या बारा जणांनी सांगितलं. मेल्फ हसला आणि म्हणाला, केइके, दुर्बिणीची काच पूस. मी रोज पुसते गं.”

फोन ठेवून मी काळ्या चौकटीत कमांड टाइप केली. फाइल एप्रिलमधलीच होती. तिची तारीख बदललेली नव्हती आणि आकार शेवटच्या अंकापर्यंत तोच होता. चौकोनाच्या माथ्यावर आता एक आयत उभा होता. अठरा मीटर लांब, आठ मीटर रुंद, दोन्ही बाजूंनी उतरते छप्पर. उत्तर कडेला जोत्यात एक फट पडली होती. तिच्यातून वर आयतापर्यंत उतार चढत होता, वापरातल्या वाटेसारखा मधोमध किंचित झिजलेला.

५

मी टाडेला पुन्हा बोलावले आणि सर्व काही एकाच हातचे बांधून मागितले. त्याने नकाशाचा प्रोग्रॅम, लायब्ररी आणि त्यांना लागणारे सर्व भाग सोर्स कोडवरून एका स्वतंत्र जागी कम्पाइल केले. पॅकेजमधील एकही तुकडा त्यांत नव्हता. यंत्र दोन तास धापा टाकत होते. आम्ही राय धान्याचा काळा पाव आणि सोललेली कोलंबी खाल्ली. टाडेने त्याच्या बायकोच्या तक्रारी सांगितल्या.

मग त्याने फाइल उघडली. तळ सपाट होता आणि तिन्ही फेऱ्या सरळ रेषेत गेलेल्या होत्या.

“झालं,” तो म्हणाला. “सगळं दुकानातलं घेतलं तर काही नाही. सगळं घरचं घेतलं तरी काही नाही. मिसळलं की दिसतं. म्हणजे मिसळण्यातच खोट आहे. आणखी काय पुरावा हवा?”

“आणि एकोणीस मिनिटं?”

“ती माझ्या विषयात नाहीत, बाई.”

तीनपैकी दोन नकाशे एकमताने बोलत होते. वर्गात मी हाच निवाडा मान्य केला असता. परंतु घड्याळ तिसऱ्या नकाशाच्या बाजूने होते, आणि पुढच्या फेरीत पंचवीसपैकी किती मिनिटे उरतील हे मला माहीत नव्हते.

संध्याकाळी जेवताना मी मेल्फला सर्व दाखवले. त्याने पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“तीन नकाशे काढतेस आणि त्यातला जो खोटा त्याच्यावर विश्वास ठेवतेस?”

“बारा माणसं असतात तुझ्याबरोबर.”

“म्हणून काय करू? बेटावर जाणं बंद करू? बाबांनी ही वाट चाळीस वर्षं चालवली.”

“गुरुवारी पाहुण्यांना नको सांग. मी येते. आपण दोघंच जाऊ.”

तो चमचा खाली ठेवून हसला. “तू? चिखलात? शेवटची आलीस तेव्हा तुला वेण्या होत्या.”

“गळ्यातलं एक यंत्र मलाही दे.”

“देतो. वही-पेन्सिल पण आण, बाईसाहेब. परीक्षा घे माझी.”

६

गुरुवारी सकाळी नऊ चाळीसला आम्ही बांध उतरलो. आकाश स्वच्छ होते, वारा नव्हता. पाणी ओसरल्यावर चिखलातील बारीक जीव तडतडत राहतात. तापल्या कढईत मीठ टाकावे तसा तो आवाज पावलागणिक सोबत असतो, आणि थोड्या वेळाने तो आहे हेच विसरायला होते. मी पावले मोठ्याने मोजत होते आणि दर शंभराला वहीत रेघ ओढत होते. मेल्फ डाव्या बाजूने चालत मधेच मुद्दाम चुकीचा आकडा म्हणे. मी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. पाच किलोमीटर होईपर्यंत आम्ही ठरल्या वेळेपेक्षा तीन मिनिटे पुढे होतो.

सहाव्या किलोमीटरपाशी तो म्हणाला, “ताई, ऐकू येतंय तुला?”

“काय?”

“काहीच नाही. तेच विचारतोय.”

तडतड थांबली होती.

मी पूर्वेकडे पाहिले. ओली, चकाकणारी वाळू क्षितिजापर्यंत गेली होती. एक कुरव पक्षी बसला होता, त्यापलीकडे काही नव्हते. मी घड्याळ पाहिले. अकरा वाजून चौदा मिनिटे झाली होती. ते वहीत लिहिले आणि पुन्हा एकपासून मोजू लागले, कारण मोजणे चालू असेपर्यंत मी कुठेही थांबलेली नसेन, असे मी स्वतःला सांगितले.

एक्केचाळीस म्हणताना मी उन्हात होते. बेचाळीस म्हणताना माझ्यावर सावली होती. ती ढगाची नव्हती; ढगाच्या सावलीला अशी कड नसते. हिची कड सरळ होती आणि माझ्या बुटांच्या टोकांपुढून पट्टीने आखल्यासारखी गेली होती. मी वर पाहिले नाही. ते मी ठरवले, की मला वर पाहता आले नाही, हे आज सांगता येत नाही. मेल्फने वर पाहिले, आणि त्याचा चेहरा खुलला. दार वाजवून ताटकळलेल्या माणसाला आतून पावले ऐकू यावीत, तसा.

मी त्रेचाळीस म्हणाले. ऊन होते, तडतड चालू होती आणि बुटांभोवती पाणी होते. घड्याळात अकरा वाजून अडतीस मिनिटे झाली होती.

मेल्फ वीस पावले पुढे होता, बेटाच्या दिशेने.

“चल,” तो मागे न वळता म्हणाला. “पाणी आलंय.”

आम्ही जवळजवळ धावलो. शेवटच्या ओहोळाचे पाणी माझ्या कमरेच्या वर आले आणि त्याला ओढ होती. मेल्फ आधी पार झाला आणि चालत राहिला. चाळीस वर्षे माणसे नेणारा माझा भाऊ, ओहोळातून बाहेर पडल्यावर, मी पार होते की नाही हे पाहायला वळला नाही.

बेटावर केइकेने टॉवेल दिले. मेल्फ आत गेल्यावर ती माझ्या जवळ आली.

“खूप वेळ थांबलात.”

“चोवीस मिनिटं. मेल्फ आधी निघाला, मी मागून.”

तिने टॉवेलची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली. “मी दुर्बीण खाली ठेवलीच नव्हती, गेस्के. तिथून निघालीस तेव्हा तू एकटीच होतीस. पार ओहोळापर्यंत एकटी. तिथे दोघं दिसलात.”

७

शुक्रवारी दुपारी आम्ही बोटीने घरी आलो. मी दोन्ही यंत्रांच्या नोंदी उतरवल्या.

मेन्यूतून उघडल्या तेव्हा दोन रेषा शेजारी शेजारी, सरळ, बेटावर पोचलेल्या दिसल्या. मग कमांड टाइप केली. माझे ठिपके जोत्याच्या उत्तर कडेशी गेले, तिथे चोवीस मिनिटे साचले आणि परत वाटेला लागले. मेल्फचे ठिपके फटीतून उतारावर चढले आणि आयतात गेले. तिथून ते बाहेर आले नाहीत. यंत्राची बॅटरी दुसऱ्या दिवशी दुपारी एकला संपली. तोवरचे सगळे ठिपके आयताच्या आत होते, काही एका कोपऱ्यात, काही खिडकी असावी तिथे, बांधाकडच्या बाजूला. त्या दुपारी एकला मेल्फ बोटीत माझ्यासमोर बसला होता आणि ते यंत्र त्याच्या गळ्यात होते.

त्याला दोन आठवडे झाले. मेल्फ स्वयंपाकघरात असतो, बहुतेक वेळ उभा. विचारले तर नीट उत्तर देतो. दिलेले खातो. त्याने पाहुण्यांच्या सर्व फेऱ्या रद्द केल्या आहेत. मी कारण विचारले तेव्हा तो सौम्यपणे म्हणाला, “आता जायला कशाला हवं?” त्याने या पंधरा दिवसांत मला एकदाही चिडवलेले नाही.

काल टाडेचा फोन आला.

“आनंदाची बातमी, बाई. पॅकेजच्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली. ती तुमची फाइल सरळ वाचते. आता माझं घरचं अस्तर नको. सांगा, मी इथूनच काढून टाकतो. एक कमांड, की सगळं स्वच्छ.”

“आणि नकाशा?”

“एकच राहील. बरोबर असलेला.”

“काढलेलं परत बसवता येईल का? जसंच्या तसं?”

“जसंच्या तसं नाही. सोर्स कोड बदललाय, तुमची पॅकेजंही बदलतील. असं मिश्रण पुन्हा जमणार नाही. आणि कशाला जमायला हवं?” तो हसला. “तुम्हीच सांगायचात ना, एका जागेला एकच उंची असते.”

“सोमवारी सांगते.”

“सोमवारी कशाला? आत्ता दोन मिनिटांत—”

“सोमवारी, टाडे. तोवर त्या यंत्राला हात लावायचा नाही.”

वर्गात मी असे बोलले की तो ऐकत असे. कालही त्याने ऐकले.

त्याला मी फटीविषयी सांगितले नाही. जोत्याच्या कडेची फट मी रोज सकाळी मोजते. पडद्यावरील एक चौकट म्हणजे जमिनीवरील अर्धा मीटर. मेल्फ आत गेला तेव्हा फट आठ चौकटींची होती. गेल्या रविवारी पाच, बुधवारी तीन. फाइलची तारीख अद्याप एप्रिलचीच आहे. माझ्या विवेकाला हे सर्व ठाऊक आहे: तीनपैकी दोन नकाशे सपाट आहेत, मिसळलेले उत्तर ग्राह्य नसते, आणि माझा भाऊ भिंतीपलीकडे उभा आहे. त्याच्या बशीचा आवाज मला आत्ता ऐकू येतो.

आज शनिवार. कोष्टकाप्रमाणे सव्वादहाला वाट उघडेल. मी कपाटातून उंच बूट बाहेर काढले, दोर घेतला आणि दाराशी खाली बसले.

मेल्फ स्वयंपाकघराच्या दारात आला. “कुठे निघालीस?”

“तुला आणायला,” मी म्हणाले.

तो विचारात पडला नाही, हसलाही नाही. “मी इथेच आहे की, ताई.”

मी नाड्या बांधल्या. निघण्यापूर्वी परत खोलीत येऊन पडद्यावर एकदा मोजून पाहिले. दोन चौकटी. एक मीटर. आत जायला मला तेवढे पुरेल. बाहेर पडेपर्यंत ती आणखी मिटलेली असेल; तेव्हा त्याला पुढे घालावे लागेल.